मेन बंद, तरी टेस्टर पेटला: बंद सीलिंगमध्ये पंखा आणि सहा दिवे

मेन स्विच मी स्वतः खाली केला होता. फ्रिजची घरघर थांबली, टीव्हीचा लाल ठिपका विझला. शिडीवर चढून हॉलच्या फॉल्स सीलिंगमधला मधला पॅनेल दिवा उतरवला, आठ इंची भोकातून हात आत घातला, मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून चारी बाजूंना फिरवला आणि खाली येऊन चित्रण पाहिलं. दीड फुटावर स्लॅबमधून आलेला गंजका हुक दिसत होता. हुकाला दोन वायरी गुंडाळलेल्या, टोकांना काळी टेप, आणि ती टेप सुकून सुटायला आलेली.

पुन्हा वर चढलो. सवयीप्रमाणे वायरीला हात लावण्याआधी टेस्टर लावला. तो पेटला. नेहमीसारखा लख्ख नाही, थोडा मंद. दुसऱ्या वायरीला लावला, तिथेही तसाच.

पुढचे दोन दिवस याच दोन वायरींभोवती गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

घर आणि मागणी

पुण्यात कोथरूडमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारत नव्वदच्या दशकातली. घरात काका-काकू दोघंच, मुलगा परगावी. चार वर्षांपूर्वी घराचं नूतनीकरण झालं तेव्हा हॉल आणि पॅसेजमधली अर्ध्या विटेची भिंत पाडली, हॉलला जिप्सम बोर्डाचं सीलिंग केलं आणि एसी बसवला. एसी आहे म्हणून पंखा काढला. आता काकांना एसीच्या थंडीत गुडघे धरतात, म्हणून पंखा हवा. शिवाय एकाच पॅनेल दिव्यात काकूंना पेपर वाचता येत नाही, म्हणून सीलिंगमध्ये बसणारे सहा दिवे. अट एकच: सीलिंग तोडायचं नाही.

मुलाने फोनवर चित्र पाठवलं होतं. सीलिंगच्या बरोबर मध्यभागी पंखा, चार दिवे त्याच्या भोवती तीन-तीन फुटांवर, उरलेले दोन टीव्हीच्या बाजूला. चित्रात छान दिसत होतं. पण चित्र खालून काढलेलं असतं, आणि आमचं काम बोर्डाच्या वर असतं. तिथे काय आहे हे पाहिल्याशिवाय मी एकही भोक पाडत नाही. पंख्याचं वजन बोर्डावर किंवा त्याच्या पत्र्याच्या चॅनेलवर कधीच टाकायचं नसतं; साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड स्वतःचं वजन पेलतो, एवढंच त्याचं काम. पंखा स्लॅबलाच लटकला पाहिजे. म्हणून आधी हुक शोधायचा, मग बाकीचं.

वायरी जिवंत का होत्या

घरात इन्व्हर्टर होता. मेन खाली केला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो आपलं काम सुरू करतो. ज्या ज्या पॉइंटला इन्व्हर्टरची लाइन आहे तिथे पुन्हा 230 व्होल्ट हजर. जुना पंखा इन्व्हर्टरवर होता. पंखा काढताना ज्याने काम केलं त्याने खालचा रेग्युलेटर काढला, दोन टोकं आपसात जोडून दिली, वर कोरी प्लेट लावली. त्यामुळे चार वर्षं त्या वायरी बोर्डाच्या वर, पत्र्याच्या चॅनेलपासून वीतभर अंतरावर, कोणत्याही स्विचशिवाय चालू होत्या.

दोन्ही वायरींवर टेस्टर मंद पेटण्याचं कारणही यातच आहे. मेनचा दोन-पोल स्विच खाली केल्यावर फेजसोबत न्यूट्रलही बाहेरच्या पुरवठ्यापासून तुटतो. मग इन्व्हर्टरच्या दोन तारांपैकी जमिनीशी बांधलेली अशी एकही राहत नाही, दोन्ही अधांतरी असतात आणि दोन्हींवर टेस्टर पेटतो. मंद आहे म्हणून हात लावायला हरकत नाही, असं कोणी समजू नये. त्यातली एक तार कुठे ओलसर भिंतीला किंवा पत्र्याला टेकली तर दुसरी पूर्ण जोरात झटका देईल.

काकांना मी इन्व्हर्टरचा मागचा स्विच बंद करायला सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, मेन बंद केला ना तुम्ही? मग आता कसली वीज?" काका चाळीस वर्षं नोकरी केलेले, सगळं नीट समजणारे. त्यांनाही हे कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. इन्व्हर्टर असलेल्या घरात दोन ठिकाणी वीज बंद करावी लागते.

हुकावर विश्वास ठेवायचा का

इन्व्हर्टर बंद करून, टेस्टरने पुन्हा खात्री करून, टोकं कापून कनेक्टरमध्ये बंद केली. मग हुक. स्लॅब भरताना फॅन बॉक्समधून (पंख्यासाठी स्लॅबमध्ये बसवलेल्या डब्यातून) सळई वाकवून ती स्लॅबच्या लोखंडात अडकवलेली असते. ती पद्धत भक्कम आहे, पण तीस वर्षांत गंज किती आत गेला ते बाहेरून कळत नाही. तारेच्या ब्रशने घासलं तेव्हा पापुद्रे निघाले, खाली टणक लोखंड लागलं. व्हर्नियरने मोजलं: मूळ सळई 12 मिलिमीटरची, सगळ्यात झिजलेल्या जागी साडेदहा उरलेली. बॉक्सभोवतीच्या काँक्रीटला चीर नव्हती आणि टकटक केल्यावर पोकळ आवाजही येत नव्हता.

तरी वजन टांगून पाहिलं. घरात पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे दोन जार होते. दोरीने दोन्ही हुकाला लटकवले, म्हणजे 40 किलो. अर्धा तास तसेच ठेवले, मधून थोडे झुलवलेही, कारण पंखा नुसता लटकत नाही, तो हलतो. पंख्याचं वजन साडेचार किलो. हुक जागचा हलला नाही. गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

यासाठी पंख्यापुरती बोर्डात सात इंची गोल जागा कापावी लागली. ती नंतर दहा इंची चकतीने झाकली. चकती दोन अर्धगोलांत, स्क्रूने बसवलेली, म्हणजे उद्या पंखा उतरवायचा तर चकती काढली की हुकापर्यंत हात जातो. रॉडभोवती अर्धा इंच जागा मोकळी सोडली. रॉड चकतीला टेकला तर पंख्याची थरथर थेट बोर्डात जाते आणि वर्षभरात सांध्यांवर केसासारख्या चिरा दिसू लागतात.

आता अडचण अशी की हुक सीलिंगच्या मध्यावर नव्हता. मूळ हॉल बारा फुटांचा, त्याच्या मध्यावर हुक; पॅसेज धरून तो पंधरा फुटांचा झाला, त्यामुळे हुक नव्या मध्यापासून दीड फूट खिडकीकडे. काकूंना ते खटकलं.

"मध्ये नाही का हो येणार? आता तुम्ही एवढं करताच आहात, तर तिथेच नवा हुक मारा की."

मारता आला असता. हॅमर ड्रिलने स्लॅबला भोक पाडून अँकर फास्टनर ठोकायचा. पण फॅन बॉक्समधून निघणारे पाइप स्लॅबच्या पोटातून जातात, आणि कोणत्या दिशेने ते वरून दिसत नाही. या घरात स्विचबोर्डची भिंत त्याच बाजूला होती, म्हणजे पाइप बहुधा नव्या मध्याच्या रेषेतूनच जात होता. ड्रिल त्यात गेलं तर स्लॅबमधली वायर कापली जाते आणि तो पाइप कायमचा निकामी होतो. हाताशी तपासलेला हुक असताना मी तो धोका घेत नाही. काकूंना म्हटलं, तुम्ही दोघं बसता कुठे? सोफा खिडकीकडे होता, बरोबर हुकाखाली. काकू सोफ्यावर बसून वर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. वारा माणसांना लागायला हवा, सीलिंगला नको."

दिवे कुठे: सावलीचा हिशेब

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याचकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

जमिनीपासून स्लॅब साडेनऊ फूट, सीलिंग नऊ फूट. पंख्यासोबत आलेला रॉड बसवून हुकापासून पात्यापर्यंत 18 इंच झाले, म्हणजे पाती जमिनीपासून आठ फुटांवर. आठ फुटांच्या खाली पाती मी येऊ देत नाही. बिछाना झटकताना हात वर जातो, नातवंडांना कोणी खांद्यावर घेतं. आणि बोर्ड व पाती यांच्यात एक फूट अंतर राहिलं, तेही हवंच, नाहीतर पंख्याला वरून हवा ओढायला जागा मिळत नाही.

पण याचा दुसरा अर्थ असा की दिवे पात्यांच्या एक फूट वर आहेत. दिव्याच्या प्रकाशात पातं आलं की दर फेरीला प्रकाश तुटतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे फिरला तर सेकंदाला पाच फेरे, म्हणजे 15 वेळा सावली. मंद चालवला तर 10 वेळा. ही लय डोळ्यांना सरळ जाणवते, डोकं जड होतं, आणि काही अपस्माराच्या रुग्णांना अशी लुकलुक झटका आणू शकते.

1200 मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून 24 इंच पोहोचतं. पसरट पॅनेल दिव्याचा प्रकाशकोन 120 अंशांचा असतो, म्हणजे एक फूट खाली येईपर्यंत तो प्रकाश बाजूला जवळजवळ 21 इंच पसरलेला असतो. दोन्ही मिळवले की 45 इंच. पसरट दिवा पंख्याच्या मध्यापासून 45 इंचांच्या आत असेल तर त्याच्या मुख्य प्रकाशात पातं येणारच. 36 अंशांचा अरुंद स्पॉट घेतला तर एक फुटात तो फक्त चार इंच पसरतो, तिथे 28 इंच पुरतात. मुलाच्या चित्रातले चार दिवे 36 इंचांवर होते आणि त्याने निवडलेले दिवे पसरट.

आकडे सांगून काकांना पटलं नसतं. पंखा टांगून झाल्यावर तात्पुरत्या वायरीवर एक दिवा पेटवला, शिडीवर चढून तो पंख्यापासून तीन फुटांवर बोर्डाला टेकवून धरला आणि पंखा चालू केला. काका सोफ्यावर पेपर घेऊन बसले. दोन ओळी वाचून त्यांनी पेपर खाली ठेवला. मग मी दिवा भिंतीकडे सरकवत नेला. भिंतीपासून सव्वा फुटावर आलो तेव्हा ते म्हणाले, "हां, आता थांबलं." खोलीची रुंदी साडेदहा फूट, भिंतीपासून सव्वा फूट म्हणजे पंख्याच्या रेषेपासून 48 इंच. तिथेच दोन्ही भिंतींलगत तीन-तीन दिव्यांच्या ओळी ठरल्या. मधला जुना पॅनेल पात्यांच्या घेरातच येत होता, तो काढूनच टाकला. त्याचं भोक मात्र बुजवलं नाही. त्यावर पांढरं झाकण बसवलं आणि आत जोडण्यांचा बॉक्स ठेवला. बोर्डाच्या वर जो सांधा झाकला जातो, तिथपर्यंत पुन्हा हात पोहोचलाच पाहिजे.

भोकं पाडण्यापूर्वी लहानसा चुंबक बोर्डावरून फिरवला. रंगाखालचे स्क्रू चुंबकाला लागतात, ते स्क्रू एका रेषेत येतात आणि त्या रेषेवर वर चॅनेल असतं. दोन दिव्यांच्या जागा बरोबर चॅनेलवर येत होत्या, त्या दोन-दोन इंच सरकवल्या. होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) दिव्याच्या खोक्यावर लिहिलेल्या मापाचाच लावला. पांढरी धूळ खाली येऊ नये म्हणून हेल्परने प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून तो ड्रिलवर छत्रीसारखा उलटा धरला. काकूंच्या सोफ्यावर चमचाभरही पडली नाही.

वायर ओढताना झालेली माझी चूक

काकांची मागणी: वीज गेली तर पंखा आणि दोन दिवे इन्व्हर्टरवर चालावेत, बाकीचे चार साध्या लाइनवर. मी विचारलं, सगळंच इन्व्हर्टरवर का नको? सहा दिवे नऊ वॅटचे, म्हणजे 54. बीएलडीसी पंखा (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) 30 वॅटच्या आसपास. इन्व्हर्टरला ते जड नाही. पण काकांचं म्हणणं बरोबर होतं: इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला की आख्खा हॉल अंधारात. म्हणून दोन लाइनी.

जुन्या पाइपमध्ये दोनच वायरी होत्या, अर्थिंग नव्हतंच. पंख्याची बॉडी धातूची, तिला अर्थिंग हवंच. जुन्या वायरीच्या टोकाला नव्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरी बांधून ओढायला घेतल्या. हव्या होत्या सहा: पंख्याचा फेज, इन्व्हर्टरच्या दिव्यांचा फेज, साध्या दिव्यांचा फेज, दोन्ही लाइनींचा आपापला न्यूट्रल, आणि अर्थिंग. पाऊण इंची पाइप, त्यात दोन बेंड. सहा वायरींचा जुडगा दुसऱ्या बेंडला अडला. हेल्पर म्हणाला, "दादा, न्यूट्रल एकच ठेवू ना. न्यूट्रल तर सगळा एकच असतो." दुपारचे चार वाजले होते, बोटं सोलवटली होती. मी हो म्हणालो. पाच वायरी आल्या.

संध्याकाळी दिवे जोडले. पंखा चालला, इन्व्हर्टरचे दोन दिवे लागले. साध्या लाइनचा स्विच दाबला आणि घराची आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) उडाली. उचलून परत दाबला, परत उडाली. चारपैकी तीन दिवे काढले आणि एकच ठेवला, तरी उडाली.

आरसीसीबी काय करते? फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच ती बघते. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचेतो ती उडते. या घरात कोणीतरी इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीच्या आधीच काढून घेतली होती. आमच्या साध्या दिव्यांचा फेज आरसीसीबीतून येत होता, आणि मी वाचवलेल्या एका वायरीमुळे परतीचा करंट इन्व्हर्टरच्या न्यूट्रलमधून, आरसीसीबीला टाळून जात होता. एक नऊ वॅटचा दिवा म्हणजे 230 व्होल्टला 39 मिलिअँपिअर. तिला उडायला एक दिवा पुरला, कारण तिच्या दृष्टीने तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला होता. तिने काम चोख केलं.

इथे एक सोपा मार्ग होता. इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीच्या पुढे आणली असती तर दोन्ही न्यूट्रल तिच्यातूनच गेले असते, ट्रिप थांबली असती, आणि मिसळलेला न्यूट्रल तसाच राहिला असता. मग एखाद्या दिवशी कोणी साध्या लाइनचा एमसीबी (त्या लाइनचा डीबीतला, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीतला स्विच) बंद करून, आता इथे काही नाही अशा समजुतीने तो न्यूट्रलचा सांधा सोडवला असता. इन्व्हर्टरवरचा पंखा चालू असेल, तर सुटलेल्या टोकावर पंख्यातून आलेला पूर्ण व्होल्टेज. शिडीवर उभ्या माणसाला तेवढा झटका पुरे आहे. पडण्यानेच जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी सगळं परत काढलं. स्लॅबच्या पाइपमध्ये चारच वायरी ठेवल्या: इन्व्हर्टरचे दोन फेज, त्यांचा न्यूट्रल, अर्थिंग. साध्या दिव्यांचा फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग बोर्डाच्या वरून वेगळ्या पाइपने भिंतीपर्यंत आणले आणि तिथून दाराच्या चौकटीलगत केसिंग पट्टीतून स्विचबोर्डात उतरवले. भिंत फोडून आत घेता आलं असतं, पण पाच फूट झिरी, प्लास्टर, मग आख्ख्या भिंतीला रंग. काकू पट्टीला तयार झाल्या. इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला मी निळी टेप गुंडाळली, दोन्ही टोकांना आणि जोडबॉक्सात. दोन्ही न्यूट्रल काळे असले की पुढच्या माणसाकडून तीच चूक पुन्हा होते.

बोर्डाच्या वर एकही वायर उघडी टाकली नाही. सगळ्या पाइपात, पाइप स्लॅबला क्लिपने. चॅनेलच्या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते. तिच्यावर वायर घासत राहिली तर एक दिवस सगळा सांगाडाच जिवंत होतो.

मग इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीच्या पुढे आणली, आणि त्याच्या आउटपुटवर 30 मिलिअँपिअरची दुसरी आरसीसीबी बसवली, वीज गेलेली असतानाही संरक्षण राहावं म्हणून. न्यूट्रल इन्व्हर्टरमधून सरळ पार जात असेल तरच याचा उपयोग होतो. मीटर लावून पाहिलं, जात होता.

दिवे आणि पंखा जोडण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) प्रत्येक वायर अर्थिंगशी तपासली. दिवे आधी काढायचे हे विसरू नये, नाहीतर मेगरच त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिवा चालवणारं सर्किट, जाळतो. पंखा साध्या स्विचवर दिला. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, आतलं सर्किट जातं, वेग रिमोटने. स्लॅबच्या हुकातून सेफ्टी वायर पंख्याच्या बॉडीला बांधली.

रात्री आठला सगळं चालू केलं. काका पेपर घेऊन सोफ्यावर बसले आणि या वेळी पान उलटलं. मेन खाली करून पाहिला: पंखा आणि दोन दिवे चालू, बाकी हॉल विझला.

निघण्यापूर्वी एका कागदावर सीलिंगचा नकाशा काढला: हुक कुठे, जोडबॉक्स कुठे, पाइप कोणत्या बाजूने, कोणत्या स्विचवर काय. तो डीबीच्या दाराला आतून चिकटवला. काकूंनी त्यावर वर मोकळी जागा पाहून आपल्या ठळक अक्षरात लिहिलं: "शिडी लावण्याआधी इन्व्हर्टर वेगळा बंद करणे."